ताट हेच औषध, आईवडील हेच परिचारक

मूल जेवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा तिच्यात काळजीचे कारण नसते. ताप येऊन गेला, परीक्षेची धास्ती आहे, उन्हाळा कडक आहे, तर भूक मंदावते आणि आठवड्या-पंधरवड्यात पूर्ववत होते. लहान मुलांचे ‘हे नको, ते नको’ हेदेखील वयाबरोबर कमी होत जाते. परंतु काही मुलांच्या बाबतीत न जेवणे हाच एक आजार होऊन बसतो. साधारणपणे १२ ते १८ या वयात, मुलींमध्ये अधिक आणि मुलांमध्येही, तो सुरू होतो. वैद्यकशास्त्रात त्याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. मराठीत मनोजन्य क्षुधानाश असे म्हणता येईल. मात्र हे नाव थोडे फसवे आहे. या मुलांची भूक नाहीशी झालेली नसते. भूक असते, पण खाण्याची भीती तिच्यावर मात करते.

हा आजार साधा नव्हे. मानसिक आजारांमध्ये ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळते, त्यांत याची गणना होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातील क्षार बिघडतात, हाडे ठिसूळ होतात, उंची वाढायची थांबते. म्हणूनच ‘वयात आल्यावर आपोआप सुधारेल’ म्हणून वाट पाहणे धोक्याचे ठरते. या आजारावर मुलांसाठी आज जी पद्धत सर्वांत उपयुक्त मानली जाते, तिच्यात मुख्य औषध आहे रोजचे जेवण आणि ते देणारे आहेत मुलाचे आईवडील. या पद्धतीला कुटुंबाधारित उपचार म्हणतात. आजच्या लेखात तिची ओळख करून घेऊ.

आजार ओळखावा कसा?

समजा, नववीत शिकणारी एक हुशार, शिस्तीची मुलगी आहे. आधी तिने गोड सोडले, मग तेलकट सोडले. नंतर रात्रीचा भात गेला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवास वाढत गेले; फराळ मात्र ती शिवेना. ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’, ‘शाळेत डबा संपवला’ अशी उत्तरे येऊ लागली. पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ती तासभर ताटाशी बसते. इतरांसाठी हौसेने स्वयंपाक करते, स्वतः चाखतही नाही. सैल कपडे घालते, सारखे थंडी वाजते म्हणते, केस गळतात, मासिक पाळी बंद होते. अभ्यासात मात्र कसूर नाही, म्हणून घरच्यांना बराच काळ काही वावगे वाटत नाही.

अशा मुलीचे वजन सहा महिन्यांत उतरले असेल, किंवा वाढीच्या वयात ते वाढायचे थांबले असेल, तर तिला डॉक्टरांना दाखवावे. काही मुले जेवल्यावर गुपचूप उलटी काढतात, काही रात्री उशिरापर्यंत उठाबशा काढतात किंवा धावतात. याही खुणा लक्षात ठेवाव्यात.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यायला हवी. वजन उतरण्याची इतर कारणे चंद्रपूर-गडचिरोलीत कमी नाहीत. क्षयरोग, सिकलसेल, मधुमेह, थायरॉईडचे विकार, जंत, आतड्याचे आजार यांची तपासणी आधी झाली पाहिजे. ज्या घरात पुरेसे धान्यच नाही तेथील कुपोषण ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याचा उपायही वेगळा. आपण ज्या आजाराबद्दल बोलत आहोत, त्यात घरात अन्न असते, पण मुलाला ते खाता येत नाही.

‘हा तर शहरी श्रीमंतांचा आजार’

असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुण स्त्री-रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. खाण्यास नकार, सततच्या उलट्या, वजनात मोठी घट आणि बंद झालेली मासिक पाळी ही त्यांची लक्षणे होती. पण आपण जाड आहोत, हा पाश्चात्त्य रुग्णांत हमखास आढळणारा भ्रम त्यांच्यात दिसला नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडील मुलगी ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणेलच असे नाही. ‘पोट जड वाटते’, ‘घास उतरत नाही’, ‘मळमळते’ असे ती म्हणते आणि घरचे पोटाच्या औषधांमागे धावत राहतात. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. त्यात महिने जातात.

बदलत्या काळाचाही परिणाम आहेच. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये प्रथम दूरचित्रवाणी पोहोचली. तेथे भरलेले शरीर चांगले मानण्याची पद्धत होती. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, शाळकरी मुलींची एक छोटी पाहणी झाली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेले होते. आज कोरपना, गडचांदूर, नांदा येथील मुलांच्या हातातही तीच चित्रे मोबाईलवरून येतात. तालुका दूरचा आहे म्हणून आजारही दूर राहील, असे समजू नये.

दोष कोणाचा?

या आजाराला त्याचे नाव लंडनचे सर विल्यम गल यांनी १८७३-७४ च्या सुमारास दिले. त्यांचे मत असे होते की, अशा रुग्णाची देखभाल करण्यास नातेवाईक हे सर्वांत अयोग्य. पुढे कित्येक दशके मुलाला घरापासून तोडून रुग्णालयात ठेवणे हाच उपचार मानला गेला. ‘आईने लाडावले’, ‘वडिलांनी धाकात ठेवले’, म्हणून आजार झाला, असे आईवडिलांना ऐकवले जाई.

आज हे मत मागे पडले आहे. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा आहे, स्वभावाचा आहे, वयात येतानाच्या शारीरिक बदलांचा आहे. खाणे एकदा कमी झाले, की उपासमार स्वतःच आजार वाढवते. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये स्पष्ट म्हटले की, कुटुंब हे या आजाराचे मूळ कारण आहे असे मानू नये आणि लहान वयाच्या रुग्णांच्या उपचारात कुटुंबाला सामील करून घ्यावे. तेव्हा ‘आमचे काय चुकले’ या विचारात आईवडिलांनी दिवस घालवू नयेत. ती शक्ती पुढच्या कामासाठी लागणार आहे.

उपाशी मेंदूला समजावून उपयोग का होत नाही?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. त्यांना सहा महिने निम्म्याच्या आसपास आहार देण्यात आला. या धडधाकट माणसांच्या वागण्यात आश्चर्यकारक बदल झाले. ती चिडचिडी आणि उदास झाली, एकलकोंडी झाली. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटातले अन्न चिवडत तासन्‌तास बसू लागली. आपल्या नववीतील मुलीची लक्षणे यांच्याशी ताडून पाहा. तिचा हट्ट, तिची चिडचिड, तिचे ताटाशी रेंगाळणे यांतील बराच भाग उपासमारीचा आहे.

यावरून उपचाराचा क्रम ठरतो. आधी मन सुधारेल आणि मग ती जेवेल, असे नाही. आधी पोटात अन्न गेले पाहिजे, वजन भरून आले पाहिजे. त्यानंतर मन ताळ्यावर येऊ लागते. उपाशी मेंदूशी वाद घालून तो जिंकता येत नाही.

लंडनहून आलेली पद्धत

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयझ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. रुग्णालयात मुलांचे वजन वाढते, पण घरी गेल्यावर पुन्हा उतरते, हा त्यांचा अनुभव होता. मग रुग्णालयातील परिचारिका जे करतात, तेच आईवडिलांना का शिकवू नये, असा विचार पुढे आला. १९८७ मध्ये त्यांनी ८० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा अधिक फायदा झाला. पुढे अमेरिकेत १२ ते १८ वयाच्या १२१ रुग्णांवर मोठी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. उपचार संपल्यानंतर एका वर्षाने कुटुंबाधारित उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के मुले पूर्ण बरी होती. एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात हे प्रमाण २३ टक्के होते. म्हणजे ही जादूची कांडी नाही, निम्म्या मुलांना आणखी मदत लागते. पण आजार नवा असताना हाती घेतला, तर आशा बरीच आहे.

या उपचाराचे तीन टप्पे आहेत आणि तो साधारण वर्षभर चालतो.

पहिल्या टप्प्यात मुलाने काय, किती आणि केव्हा खायचे, हे पूर्णपणे आईवडील ठरवतात. मूल अकरावीत असले, तरी या एका बाबतीत तात्पुरता निर्णय त्याच्याकडून काढून घेतला जातो. तज्ज्ञ सुरुवातीच्याच एका भेटीत कुटुंबाला जेवणाचा डबा घेऊन बोलावतात आणि सर्वांना एकत्र जेवायला बसवतात. मूल नाही म्हणते, तेव्हा आईवडिलांनी काय बोलावे, कसे बसावे, हे तेथेच शिकवतात.

दुसऱ्या टप्प्यात, वजन बरेचसे भरून आले आणि जेवणावरची भांडणे थांबली, की खाण्याची सूत्रे हळूहळू मुलाकडे परत देतात. आधी मधल्या वेळचे खाणे, मग शाळेचा डबा, मग घरचे जेवण.

तिसऱ्या टप्प्यात खाण्याचा विषय मागे पडतो. मैत्री, शिक्षण, वयात येण्याचे प्रश्न, घरातले मोकळेपण यांवर बोलणे होते.

ताटापाशी काय करावे?

१) आईवडिलांचे एकमत हवे. आई म्हणते दोन पोळ्या आणि वडील म्हणतात ‘जाऊ दे, एक खाल्ली ना’, असे झाले की आजाराला फट सापडते. काय वाढायचे ते दोघांनी आधी, मुलाच्या माघारी ठरवावे. आजी-आजोबांनाही विश्वासात घ्यावे.

२) दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा मधले खाणे, ठरलेल्या वेळी. महागडी पावडर लागत नाही. घट्ट वरण, भात, तूप, पोळी किंवा ज्वारीची भाकर, दाण्याचा कूट, जवसाची चटणी, दूध, केळी, अंडी, तीळ-गुळाचे लाडू हे आपल्याच स्वयंपाकघरात आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण वाढत्या क्रमाने द्यावे.

३) ताट आईने किंवा वडिलांनी वाढावे आणि मूल जेवेपर्यंत शेजारी बसावे. स्वतःही जेवावे. जेवणानंतर तासभर मुलाला एकटे सोडू नये. गप्पा, पत्ते, मालिका, काहीही चालेल.

४) बोलणे थोडे, शांत आणि ठाम असावे. ‘मला कळतं, तुला भीती वाटते. पण हे तुझं औषध आहे. मी इथंच बसलो आहे. हा घास घे, बाळा.’ पुन्हा पुन्हा हेच. किती पोळ्यांनी काय होते, या वादात शिरू नये.

५) मारणे, तोंडात कोंबणे, ‘तुझ्यापायी आम्ही मेलो’ असे बोलणे, लालूच किंवा शपथा, सर्व वर्ज्य. मूल आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. राग आजारावर करावा, मुलावर नाही.

६) बहीण-भावांनी पहारेकरी होऊ नये. जेवणानंतर सोबत करणे, हसवणे, एवढेच त्यांचे काम.

७) येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ‘किती वाळलीस’ म्हणू नये आणि सुधारल्यावर ‘आता छान भरलीस’ असेही म्हणू नये. दुसरे वाक्य या मुलीला अधिक घाबरवते.

८) उपवास पूर्ण बरे होईपर्यंत बंद. घरातील वडीलधाऱ्यांनीच हे सांगावे, म्हणजे मुलीच्या मनाला टोचणी लागत नाही.

९) आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, दवाखान्यात वजन करावे. घरी रोज वजन पाहू नये.

पहिले तीन-चार आठवडे फार कठीण जातात. मूल रडते, ताट ढकलते, ‘तुम्ही माझे वैरी आहात’ म्हणते. हे उपचार चुकल्याचे लक्षण समजू नये.

घरच्या अडचणी

कोणी म्हणेल, हे वाचायला सोपे आहे. वडील सिमेंट कारखान्यात शिफ्टवर, आई कापूस वेचणीला, मग मुलीजवळ दुपारी बसणार कोण? ही अडचण खरी आहे. म्हणूनच तज्ज्ञ पहिल्याच दिवशी घरातील माणसांची आणि वेळांची यादी करतात. सकाळ आईची, दुपार आजीची किंवा मावशीची, रात्र वडिलांची, अशी वाटणी करता येते. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतले, तर मधल्या सुटीतील डबा त्यांच्यासमोर खाता येतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एका पालकाला रजा काढता आली, तर फार उपयोग होतो. एकटी आई असलेल्या घरातही हा उपचार होतो, मात्र तिच्या जोडीला मामा, काकू, शेजारीण असे कोणीतरी मोठे माणूस हवे.

ज्या घरात रागराग आणि बोल लावणे फार असते, तेथे आईवडिलांना आणि मुलाला वेगवेगळे भेटून केलेला उपचार अधिक लाभतो, असे लंडनच्याच पथकाला २००० मधील अभ्यासात आढळले. आणि घरात मारहाण किंवा अत्याचार होत असेल, तर ही पद्धत लागू नाही. तेथे आधी मुलाची सुरक्षितता.

आपल्या मातीतील अनुभव

रुग्णाच्या उपचारात घरच्यांना घेणे ही काही परकी कल्पना नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू लावून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावले. पुढे त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयानेही नातेवाइकांसह उपचाराची पद्धत रुजवली.

आणि आपल्या शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण तर जगाने घेतले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची देखभाल रुग्णालयाऐवजी घरीच, गावातील प्रशिक्षित स्त्री आणि बाळाची आई यांच्या हातून करवली. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आजार वेगळा आहे, पण धडा एकच: नीट शिकवले आणि पाठीशी उभे राहिले, तर घर हेही उपचाराचे ठिकाण होऊ शकते.

येथे थांबू नका, रुग्णालय गाठा

खालीलपैकी काहीही आढळल्यास घरी प्रयोग करत बसू नये. चक्कर येऊन पडणे; दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली; हातपाय गार पडणे; पायांवर सूज; छातीत धडधड; वारंवार उलट्या; अन्नाबरोबर पाणीही नाकारणे; जीव देण्याची भाषा.

आणखी एक इशारा. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. तसे केल्याने रक्तातील फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने घटून हृदयावर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण पोटभर खाल्ल्यावर दगावले, ते यामुळेच. वजन फार उतरले असेल, तर पहिले दिवस रुग्णालयात, रक्ततपासणी करीत आहार वाढवावा लागतो. त्यानंतर घरचे काम सुरू होते.

कोठे जावे?

प्रथम जवळच्या ग्रामीण रुग्णालयात वजन, उंची, नाडी, रक्तदाब आणि रक्त यांची तपासणी करून घ्यावी. पुढे चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभाग, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरची शासकीय रुग्णालये आहेत. या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ आपल्याकडे मोजकेच आहेत. परंतु नाडी-वजन पाहणारा एक डॉक्टर, पंधरवड्याला भेटणारा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एकमताने वागणारे आईवडील, एवढी जुळणी झाली तरी बरीच मजल मारता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क, मराठीतूनही सल्ला मिळतो. मानसोपचाराच्या दारात उभे राहण्याचा संकोच वाटत असेल, तर सुरुवात तेथून करावी.

मुलगी जेवत नाही म्हणून तिच्यावर ओरडणारे घर आणि ‘तिची मर्जी’ म्हणून गप्प बसणारे घर, दोन्ही घरे तिच्यावर प्रेमच करतात. परंतु या आजारात तिला तिसऱ्या प्रकारचे घर हवे असते: न ओरडणारे आणि न हटणारे. आज रात्री ताट वाढताना आपल्या मुलाकडे एकदा नीट पाहावे. शंका आली, तर उद्याच वजन करून घ्यावे.